वहिनीची पिवळी गोळी

मी मेडिकलच्या काउंटरवर उभा राहणारा माणूस. डॉक्टर नाही, फार्मासिस्टही नाही. डिप्लोम्याच्या पहिल्याच वर्षाला दोनदा गचकलो आणि नागभीडला मन्सूरभाईंच्या दुकानात चिकटलो. पण औषधांची नावं तोंडपाठ, डॉक्टरनं कसंही खरडलेलं असो, मला वाचता येतं, आणि बोलण्यात मी कुणाला हार जाणारा नाही. एवढ्या भांडवलावर आमच्या गावातले लोक मला डॉक्टर म्हणायचे. मी एकदाही कुणाला थांबवलं नाही. उलट संध्याकाळी गावात शिरलो की चौकात सायकल जरा हळू करायचो, कुणाला काही विचारायचं असलं तर विचारता यावं म्हणून.

गाव नागभीडपासून आठ किलोमीटरवर, तलावाच्या काठाला. आम्ही ढिवर. तलावातली मासेमारी, थोडं धान, बाकी मजुरी. मी सहा वर्षांचा असताना आई गेली. माझा थोरला भाऊ मनसाराम, त्याच्या लग्नाला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. त्याची बायको ताराबाई, म्हणजे माझी वहिनी, आरमोरीकडची, सतरा-अठरा वर्षांची पोर. तिनं मला वाढवलं. पुढे तिला मूल झालं नाही, म्हणून लोक म्हणतात, दिराला मुलासारखं केलं. हे साफ चूक आहे. मूल होणार नाही हे कळायच्या कितीतरी आधी ती माझ्या डोक्यातल्या उवा काढत होती.

वहिनी जाळी विणायची. गावात सगळ्याच बायका थोडंफार विणतात, पण वहिनीचं काम वेगळं होतं. बांबूची सुई, नायलॉनचा दोरा, आणि गाठीमागून गाठ, सगळी घरं एका मापाची. ती हाताकडे बघायचीही नाही. अंगणात बसून चार बायकांशी गप्पा, मध्येच माझ्यावर ओरडणं, आणि हात आपले चालूच. घोडाझरीपासूनचे ढिवर फाटलेली जाळी घेऊन तिच्याकडे यायचे. माझी शाळा, माझी सायकल, तो वाया गेलेला डिप्लोमा, सगळं त्या हातांवर झालं.

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात रोवणीच्या दिवसांत ती एकदा दुपारीच बांधीतून, म्हणजे धानाच्या शेतातून, घरी आली. धानाची पेंढी मुठीत धरवत नाही म्हणाली. मग रोज सकाळी बोटं आखडलेली राहू लागली. ऊन चांगलं वर आलं की उघडायची. दोन्ही हातांचे तेच सांधे, मग मनगटं, मग गुडघे. मी दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणल्या, मलम आणलं, गरम पट्टी आणली. खाल्लं की बरं, सोडलं की तसंच.

भाऊ धानोऱ्याकडून लालसूला घेऊन आला. लालसू गोंडांचा म्हातारा वैदू, जंगलातल्या मुळ्या देणारा. तो आला, चहा प्याला, वहिनीच्या हातांकडे नुसतं पाहिलं आणि तिला झोपवून पोट चाचपू लागला. जीभ पाहिली. शौचाला कसं होतं, कधीपासून बिघडलं, काय खाल्लं की गुडगुडतं, हेच विचारत बसला. शेवटी म्हणाला, बिमारी पोटातून आली आहे, आधी पोट पाहा. मी तिथंच फिस्सकन हसलो. दुखतात बोटं आणि हा पाहतो पोट, असं सगळ्यांसमोर बोललो. लालसू पिशवी उचलून निघून गेला. पुढचं वर्षभर मी हा किस्सा दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला रंगवून सांगत होतो. आज आठवलं की कान गरम होतात.

दिवाळी झाल्यावर मी वहिनीला नागपूरला नेलं. नागभीडहून तेव्हा नॅरोगेजची छोटी गाडी जायची नागपूरच्या इतवारी स्टेशनला, अर्धा दिवस खाणारी. तिथं सांध्यांच्या डॉक्टर होत्या, शिरीन मॅडम. तिशीतल्याच, शांत, हात हातात घेऊन एकेक सांधा दाबून बघणाऱ्या. रक्त तपासलं आणि सांगितलं, हा संधिवात आहे, पण म्हातारपणी हाडं झिजून होतो तो नव्हे. यात शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं. वेळेत आवरलं नाही तर बोटं वाकडी होतात, आणि एकदा वाकडी झाली की औषधानं सरळ होत नाहीत.

त्यांनी एक पिवळी गोळी लिहून दिली. सल्फासॅलाझिन. मी नाव लगेच वाचून दाखवलं, मग मॅडमनी माझ्याकडे नीट पाहिलं. मी औषधांच्या लाइनमध्ये आहे, असं मी सांगितलं. काउंटरवर उभा राहतो असं नाही सांगितलं. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, गोळीचा गुण यायला तीन महिने लागतील, लोक दमतात आणि मध्येच सोडतात, पण तुम्ही घरात आहात म्हणून मला काळजी नाही. चिठ्ठीवर खाली एक ओळ लिहून तिच्याखाली रेघ मारली: मला विचारल्याशिवाय दुसरं कोणतंही औषध देऊ नये. मी समजूतदारपणे मान डोलावली. ही सूचना अडाणी लोकांसाठी असते हे मला माहीत होतं.

गोळीचा गुण आला. मार्चमध्ये एका सकाळी मी उठलो तर वहिनी अंगणात सडा टाकत होती. बादली धरून. आठवड्याभरानं तिनं सुई आणि दोरा काढला. आधी गाठी सैल पडत होत्या, मग घट्ट बसू लागल्या. मनसाराम दादा फार बोलणारा माणूस नाही. त्या दिवशी तो तलावावर गेला आणि चांगला हातभर लांबीचा मरळ घेऊन आला. मी गावभर सांगत फिरलो की वहिनीला मी बरं केलं. माझा आनंद खरा होता, हे मी आजही म्हणेन. फक्त त्यात माझंच कौतुक जास्त होतं.

मग पावसाळा लागला आणि वहिनीचं पोट बिघडलं. गावात त्या दिवसांत अर्ध्या घरांची पोटं बिघडतात. मी दुकानातून लाल-काळ्या कॅप्सूल आणल्या. अँपिसिलिन. आमच्याकडे लोकांचा साध्या गोळीवर विश्वास नसतो, दोन रंगांच्या कॅप्सूलवर फार असतो, आणि खरं सांगायचं तर माझाही होता. चिठ्ठीखालची ती ओळ मला आठवली होती. आठवली नाही असं मी म्हणणार नाही. पण नागपूरच्या डॉक्टरला पोट बिघडल्याचं काय विचारायचं? वहिनीला म्हणालो, पोटातले सगळे जंतू मारून टाकतो, एक शिल्लक ठेवत नाही. ती हसली. दोन दिवसांत तिचं पोट थांबलं.

पंधरा दिवसांनी पुन्हा बिघडलं. पुन्हा कॅप्सूल. मग मी एक पुडीच करून दिली. पट्टीतून तुकडे कापून कागदात गुंडाळले, वर पेनानं 'पोट' असं लिहिलं आणि तिच्या लुगड्यांच्या पेटीत ठेवायला सांगितलं. गुडगुडलं की दोन घ्यायच्या. संपली की मी दुसरी पुडी आणायचो. दाढ दुखली तरी त्याच, खोकला झाला तरी त्याच. कंपन्यांचे लोक डॉक्टरांसाठी नमुने देऊन जातात, त्यातल्या कॅप्सूल मी उचलायचो. मन्सूरभाईंनी एकदा पाहिलं. म्हणाले, या कॅप्सूल म्हणजे फुटाणे नाहीत. मी म्हटलं, घरच्या माणसासाठी आहेत. घरच्या माणसासाठी, म्हणजे जणू घरच्या माणसाच्या पोटात त्या वेगळं काम करणार होत्या.

दसऱ्यापर्यंत वहिनीची बोटं परत सुजली. पिवळी गोळी ती न चुकता घेत होती. मी स्वतः मोजून देत होतो. आम्ही नागपूरला गेलो. मॅडमनी सांधे दाबले, कागद पाहिले, त्यांचा चेहरा पडला. मग पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, "मधल्या काळात दुसरं काही औषध घेतलं का? पोटाचं, तापाचं, काहीही?"

प्रश्न वहिनीला होता. तिनं तोंड उघडायच्या आत मी उत्तर दिलं. "नाही मॅडम."

मी खोटं का बोललो हे मी स्वतःला हजारदा विचारलंय. मॅडम ओरडतील अशी भीती नव्हती, त्या ओरडणाऱ्या नव्हत्याच. मला फक्त त्यांच्या नजरेतून उतरायचं नव्हतं. तुम्ही घरात आहात म्हणून काळजी नाही, हे एका शिकलेल्या बाईनं माझ्याबद्दल म्हटलेलं एकमेव वाक्य होतं आणि मला ते सांभाळायचं होतं. आणि कॅप्सूलचा सांध्यांशी काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातही नव्हतं. वहिनीनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खाली मान घातली. मॅडमनी लिहून घेतलं: इतर औषध नाही.

त्यांनी पिवळ्या गोळीचा डोस वाढवला. चार महिने वाट पाहिली. मी पुड्या देतच होतो, वाढलेल्या डोसानं वहिनीचं पोट आणखी बिघडत होतं. शेवटी मॅडम म्हणाल्या की या पेशंटमध्ये ही गोळी चालत नाही, आणि ती बंद केली. आठवड्यातून एकदा घ्यायचं जोरकस औषध दिलं. त्यानं तोंड आलं, लिव्हरचा रिपोर्ट बिघडला, ते बंद करावं लागलं. मग सौम्य गोळ्या, दुखण्याच्या गोळ्या, स्टेरॉइडचा बारीकसा डोस. आजार हटला नाही, फक्त जरा दबून राहिला.

दोन हजार एकच्या उन्हाळ्यापर्यंत तिची बोटं करंगळीच्या बाजूला झुकली होती. मधली दोन बोटं पूर्ण उघडत नव्हती. विणणं संपलं. सुई आणि दोऱ्याचे गुंडे तिनं शेजारच्या घरी देऊन टाकले. पेला दोन्ही तळव्यांत धरून पाणी प्यायची. तिला स्वतःचा अंबाडा घालता येईना, तेव्हा मनसाराम दादानं तो शिकून घेतला. पन्नाशीचा माणूस, मासे पकडून पकडून राठ झालेले हात, रोज सकाळी दाराआड बसून बायकोचे केस विंचरायचा. मी समोरून गेलो की दोघंही गप्प व्हायची. मला वाटायचं, नशीब. तेव्हा मला खरंच वाटायचं की हे नशीब आहे.

दोन हजार दोनच्या जानेवारीत आम्ही नेहमीप्रमाणे तपासणीला गेलो. त्या दिवशी मॅडमच्या खोलीत तीन शिकाऊ डॉक्टर होते. वहिनीला बसवून मॅडम त्यांना शिकवत होत्या. मधूनमधून मराठीत सांगत होत्या, वहिनीला आपल्याबद्दल काय चाललंय ते कळावं म्हणून. त्या म्हणाल्या, बाईंना आधी पिवळ्या गोळीनं चांगला गुण आला होता, मग अचानक गेला, का ते कळलं नाही. एका मुलानं विचारलं, ही गोळी काम कशी करते. मॅडम सांगू लागल्या. ही गोळी जशीच्या तशी फारशी कामाची नाही. ती खाली आतड्यात पोचते, तिथं राहणारे जंतू तिचे दोन तुकडे करतात, तेव्हा आतलं औषध मोकळं होतं. जंतू नसतील तर गोळी आली तशी निघून जाईल. आतड्यातले सगळेच जंतू वैरी नसतात, काही आपलं काम करून देतात. मग म्हणाल्या, आता तर काही संशोधकांना वाटतं की हा आजार सुरू होण्यातही आतड्यातल्या जंतूंचा हात असावा. पक्कं झालेलं नाही. पण जुने वैद्य याला आमवात म्हणायचे, पोटातला बिघाड सांध्यात उतरतो असं मानायचे, ते अगदीच उगाच नसेल.

त्या मुलानं पुढचा प्रश्न विचारला. "मग अशा पेशंटला अँटिबायोटिक दिलं तर?"

"तर गोळीचा गुण कमी होऊ शकतो," मॅडम म्हणाल्या. "सारखं सारखं दिलं तर जास्तच. म्हणून तर आपण विचारतो." आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, इथे तो प्रश्न नव्हता, यांचे दीर औषधांच्या लाइनमधले आहेत.

मी भिंतीला टेकून उभा होतो. वहिनीला 'अँटिबायोटिक' शब्द कळला नाही, ती मॅडमकडे बघून कौतुकानं हसत होती. बोलायची वेळ तीच होती. मी बोललो नाही. चिठ्ठी घेतली, धन्यवाद मॅडम म्हटलं आणि बाहेर आलो. पहिल्या वेळी मी अजाण होतो असं म्हणून सुटता येईल. या वेळी मला सगळं कळलं होतं आणि मी तरीही गप्प राहिलो. दोन्हींत मोठा गुन्हा कोणता, हे मला विचारायला नको.

परतीच्या गाडीत उमरेडच्या पुढे डबा बराच मोकळा झाला. वहिनी खिडकीशी बसली होती. मी तिला सांगून टाकलं. त्या लाल-काळ्या कॅप्सूल मी दिल्या नसत्या तर पिवळी गोळी चालली असती, तुझे हात राहिले असते, असं. जमेल तितक्या सोप्या शब्दांत.

"तू तवा नाई म्हटलं, ते मले मालूम होतं," ती म्हणाली. "त्या दिवशीच मालूम होतं का तू खोटा बोलून राह्यला. गोळ्या तं मीच खात होती ना."

"मंग बोलली काऊन नाई?"

"ते बाई तुले मानत होती. तिच्यासमोर तुया पाणउतारा कायले करू?" आणि मग, "मले काय मालूम, त्यात माये हात जातीन म्हणून."

ती हे रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं ते भाजीला मीठ कमी पडल्याचं सांगावं तसं सांगितलं. आणि वर मला बजावलं, झालं ते झालं, मनसारामले सांगू नोको, कोणालेच सांगू नोको.

तीन महिने मी ते पोटात घेऊन फिरलो. हिशेब अगदी साधा होता. मॅडमच्या कागदावर पिवळी गोळी नापास होती, आणि नापास गोळी त्या परत देणार नव्हत्या. ती नापास झाली नव्हती, मी तिला नापास केली होती, हे फक्त मला ठाऊक होतं. मी सांगितलं तर वहिनीला ते औषध परत मिळण्याची शक्यता होती. वाकलेलं सरळ होणार नव्हतं, पण अजून गुडघे होते, खांदे होते, उजव्या हाताचा अंगठा होता. महिन्यागणिक त्यातलं काहीतरी जात होतं. आणि मी काउंटरवर उभा राहून लोकांना जेवणाआधी आणि जेवणानंतर समजावत होतो. स्वतःची किळस येणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

शेवटी मन्सूरभाईंना सांगितलं. नमुन्यांच्या कॅप्सूल उचलायचो तेही सांगितलं. मला वाटलं, काढून टाकतील. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि एवढंच म्हणाले, "गलती तुझी, हात तिचे. आणि तू अजून आपल्या इज्जतीचाच विचार करून राह्यला."

एप्रिलमध्ये गेलो तेव्हा मी निघायच्या आधी वहिनीच्या पेटीतून शेवटची पुडी काढून खिशात घातली होती. खोलीत शिरल्या शिरल्या, मॅडमनी हात तपासायला घ्यायच्या आत, मी बोलायला सुरुवात केली. नव्व्याण्णवच्या जूनपासून यांना मी अँपिसिलिन देत होतो, महिन्यातून दोनदा, कधी तीनदा. तुम्ही विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. मी फार्मासिस्टही नाही.

मॅडम वहिनीकडे वळल्या. किती घेतल्या असतील, असं त्यांनी विचारलं.

वहिनीनं माझ्याकडे पाहिलंच नाही. सरळ मॅडमच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "एकबी नाई खाल्ली, मॅडम. तो देत होता, मी मांगं उकिरड्यावर फेकत होती. मले कॅप्सूल गिळता येत नाई. तो उगाच मनाले लावून घेते."

ती इतकं स्वच्छ बोलली की क्षणभर मीही विश्वास ठेवला. आणि माझ्या छातीवरचा दगड उतरला, खरंच उतरला. तिनं खाल्ल्याच नसतील तर मी सुटलो. मॅडमही गोंधळल्या, पेन हातात धरून दोघांकडे आळीपाळीनं बघू लागल्या. एवढंच करायचं होतं मला, गप्प बसायचं होतं. ते मला चांगलं जमायचं.

पण गाडीत ती स्वतःच्या तोंडानं म्हणाली होती, गोळ्या तर मीच खात होते. मी पुडी काढून टेबलावर ठेवली. वर माझं अक्षर, 'पोट'. आत पाच कॅप्सूल, अर्धवट कापलेल्या पट्टीत, बाकीच्या जागा फोडलेल्या. "वहिनी खोटं बोलून राह्यली मॅडम," मी म्हणालो. "मला वाचवायला. तिनं सगळ्या खाल्ल्या. प्रत्येक वेळी पोट थांबलं, न खाता कसं थांबेल?" ज्या बाईनं मला वाढवलं तिला मी परक्या माणसासमोर खोटारडी ठरवत होतो, आणि ते केल्याशिवाय तिचं औषध तिला मिळणार नव्हतं. वहिनीनं पदर तोंडाला लावला. इतक्या वर्षांच्या आजारपणात तिला मी रडताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं.

मॅडमनी पुडी उलटसुलट करून बघितली. "मी तुम्हाला विचारलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"दोन वर्षांपूर्वी कळलं असतं तर..." एवढं बोलून त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि वहिनीचा हात हातात घेतला. मग डॉक्टरसारखं बोलल्या. फक्त त्याचमुळे गुण गेला असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, कधीकधी गोळी आपोआपही चालेनाशी होते. पण परत देऊन बघायला हवी होती, आणि आता देऊ. मला वाटत होतं, त्यांनी एक काहीतरी पक्कं सांगावं. तूच केलंस म्हणावं, नाहीतर तुझा संबंध नाही म्हणावं. दोन्हींपैकी काहीच मिळालं नाही. अजूनही मिळालेलं नाही.

पिवळी गोळी परत सुरू झाली. या वेळी घरात दुसरी एकही पुडी येऊ दिली नाही. पोट बिघडलं तर मीठ-साखरेचं पाणी, आणि जास्तच झालं तर नागपूरला फोन. चार-पाच महिन्यांनी सूज उतरली. गुडघे मोकळे झाले. सकाळी आखडणं गेलं. वहिनी परत चालत तलावापर्यंत जाऊ लागली, पेला एका हातात धरू लागली. बोटं होती तशीच वाकडी राहिली. अंबाडा अजूनही दादाच घालतो.

आणि वहिनीनं गावात सांगायला सुरुवात केली की हेमराजनं, म्हणजे मी, तिला बरं केलं. डॉक्टरच्या लक्षात आलं नव्हतं ते त्यानं बरोबर सांगितलं, म्हणून औषध लागू पडलं, असं. लग्नाकार्यात, विहिरीवर, माहेरी आरमोरीला. एका अर्थानं ते खरंही होतं, हेच तर वाईट. मी तिला दोनदा हात जोडून सांगितलं की हे बोलू नको. ती म्हणाली, मी काय बोलावं ते तू सांगणार काय मला.

दोन हजार तीनच्या दिवाळीनंतरची गोष्ट. दुपारी ती शेजारच्या सुकरीला घेऊन घरी आली. सुकरी तिशीची, दोन लेकरांची आई, वहिनीनं दिलेल्या सुई-दोऱ्यावर आता तीच विणायची. तीन आठवडे झाले, सकाळी बोटं उघडत नाहीत म्हणाली. वहिनी म्हणाली, हेमराजले दाखव, याले सगळं समजते, मले यानंच बरं केलं.

मला ते सहन झालं नाही. मी म्हणालो, "सुकरी, मी इले बरं नाई केलं. इचे हात मीच खराब केले. मले विचारू नोको, मी तुले उद्याच नागपूरले घेऊन जातो."

सुकरी हसली. तिला वाटलं, मी मोठेपणा टाळतोय. वहिनी म्हणाली, "तो असाच बोलते," आणि चहा ठेवायला आत गेली.

सुकरीनं दोन्ही हात माझ्यासमोर पसरले. सांधे सुजले होते, लाल झाले होते. बोटं अजून सरळ होती.